खांदेरीचं दीपगृह पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खांदेरीचे फोटो टाकले की दर वेळी तेच प्रश्न येतात. बोट कुठून, परवानगी कोणाची, वर चढू देतात का? काही मंडळी तर शुक्रवारी रात्री विचारतात आणि शनिवारी पहाटे निघायचं म्हणतात. म्हणून आलेले प्रश्न एका ठिकाणी लिहिले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे क्रमांक दिला आहे.

१. खांदेरी नेमकं कुठे आहे? अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत जातात तो किल्ला हाच का?

नाही. ओहोटीला चालत जातात तो कुलाबा किल्ला, अलिबागच्या अगदी समोर. खांदेरी अलिबागच्या वायव्येला, थळ गावासमोर साधारण चार-पाच किलोमीटर आत समुद्रात आहे. थळहून पाहिलं की आधी बुटकी, काळ्या तटाची उंदेरी लागते आणि तिच्या पलीकडे दोन टेकड्यांची खांदेरी. दक्षिणेची टेकडी जास्त उंच, तिच्यावर दीपगृह आहे. खांदेरीला चालत जाता येत नाही, कितीही मोठी ओहोटी असली तरी. हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतोच.

जुन्या इंग्रजी कागदांत या जोडीला ‘केनेरी’ आणि ‘हेनेरी’ म्हटलेलं आढळतं. पणजोबांच्या पत्रात ‘केनेरीची बत्ती’ असा उल्लेख सापडला तर ती हीच.

२. दीपगृह किती जुनं आहे? आणि इथेच का बांधलं?

१८६७ सालचं. दगडी बांधकामाचा अष्टकोनी मनोरा, उंची सुमारे २५ मीटर. टेकडीची उंची त्यात मिळवली की दिवा समुद्रापासून बराच वर जातो.

इथेच का, हे नकाशा पाहिला की लगेच कळतं. दक्षिणेकडून मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजाला आत वळण्याआधी भेटणारी ही ठळक खूण आहे. १८६० च्या दशकात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. बंदरातली वर्दळ वाढली. सुएझ कालवा खुला झाला तो १८६९ मध्ये, म्हणजे खांदेरीची बत्ती त्याआधीच पेटलेली होती. मुंबईतल्या कुलाब्याच्या टोकाबाहेरचं प्राँग्सचं दीपगृह तर १८७५ चं. खांदेरी त्याच्याहून आठ वर्षांनी थोरली.

३. मग त्याला ‘कान्होजी आंग्रे दीपगृह’ का म्हणतात? कान्होजींनीच बांधलं ना?

कान्होजी १७२९ मध्ये वारले, मनोरा १८६७ चा. मधल्या १३८ वर्षांचा हिशेब तुम्हीच करा! नाव १९९८ मध्ये दिलं गेलं, मराठ्यांच्या या आरमारप्रमुखाच्या सन्मानार्थ. नाव मात्र चपखल आहे, कारण १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरी घ्यायला आरमार पाठवलं तेव्हा ती कान्होजींच्या ताब्यात होती आणि इंग्रजांना हात हलवत परत जावं लागलं. म्हणजे ज्यांना बेट घेता आलं नाही त्यांनीच दीडशे वर्षांनी त्यावर दिवा लावला आणि त्या दिव्याला शेवटी नाव मिळालं कान्होजींचं.

गावात मात्र कोणी एवढं लांबलचक म्हणत नाही. ‘खांदेरीची बत्ती’ म्हटलं की थळ-वरसोलीच्या कोणालाही कळतं.

४. परवानगी लागते का? लोक तर असेच जाऊन येतात म्हणे.

लागते. बेट मुंबई बंदर प्राधिकरणाकडे (जुन्या बोलीत पोर्ट ट्रस्टकडे) आहे आणि वरचं दीपगृह चालू स्थितीत आहे. ते संग्रहालय नाही. रात्री त्याच्या भरवशावर जहाजं येतात-जातात. शिवाय २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईच्या आसपासच्या समुद्रात तपासणी कडक झाली आहे. सागरी पोलीस बोट थांबवून कोण, कुठून, कशाला विचारू शकतात आणि तसं विचारलेलंच बरं.

‘असेच’ जाणारे आहेत, हे खरं. त्यातले काही धक्क्यावरून परत आले, हेही तितकंच खरं. एका फेरीत आमच्या शेजारची बोट कागद नाही म्हणून माघारी गेली. सात जणांत दोन लहान मुलं होती आणि त्यांचा चेहरा अजून आठवतो. तेव्हा कागद करा.

५. अर्जात काय लिहायचं? किती दिवस आधी करायचा?

आम्ही करतो ते सांगतो. साध्या मराठीत एक पानी अर्ज: भेटीचा हेतू (इतिहास, छायाचित्रण, शाळेची सहल, जे खरं असेल ते), तारीख आणि पर्यायी तारीख, सगळ्यांची नावं-वयं, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत, बोटीचं नाव-नोंदणी क्रमांक आणि गटप्रमुखाचा फोन. दीपगृहाच्या आत जायचं असेल तर ते वेगळ्या वाक्यात स्पष्ट मागा. ‘बेटावर उतरणे’ आणि ‘मनोऱ्यावर चढणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत (प्रश्न १० पाहा).

निदान पंधरा-वीस दिवस हाताशी ठेवा. पर्यायी तारीख विसरू नका, कारण समुद्र तुमचं पत्र वाचत नाही. आणि तारखा कॅलेंडरातल्या सुट्ट्या बघून नव्हे, प्रश्न ९ मधला हिशेब करून निवडा.

६. मुंबईहून आणि पुण्याहून थळपर्यंत कसं पोचायचं?

मुंबईहून सोपा मार्ग पाण्यातून आहे. गेटवेहून मांडव्याला फेरी बोट, साधारण तासाभराची. गाडी सोबत हवी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो. मांडव्याहून चोंढी नाक्यावरून अलिबागच्या दिशेने आलं की वाटेत थळचा फाटा येतो. खत कारखान्याच्या पाट्या दिसू लागल्या की समजायचं, आलं. गेटवेच्या साध्या फेऱ्या पावसाळ्यात बंद असतात.

पुण्याहून खोपोली, पेण, वडखळ करत अलिबाग. सकाळी लवकर बोट धरायची असेल तर आदल्या रात्री अलिबाग किंवा थळमध्येच मुक्काम करा. वडखळच्या रहदारीच्या भरवशावर भरती धरायची म्हणजे जुगार आहे.

७. बोट कुठली घ्यायची? थळच्या कोळी दादांची होडी भाड्याने घेतली तर चालेल का?

हा प्रश्न नाजूक आहे, म्हणून थोडं सविस्तर.

थळहून इंजिनाच्या होडीने अर्धा-पाऊण तास लागतो, वाऱ्यावर अवलंबून. गावात विचारलं तर कोणी ना कोणी न्यायला तयार होतं. पण मासेमारीसाठी नोंदलेली होडी आणि प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली बोट यांत फरक आहे. प्रवासी बोटींना महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो आणि किती माणसं बसवायची तो आकडा ठरलेला असतो. मासेमारीच्या होडीतून पैसे देऊन गेलात आणि काही बरंवाईट झालं तर विमा, भरपाई, सगळंच लोंबकळतं. तुमचंही आणि त्या घरचंही.

म्हणून तांडेलाला (होडी चालवणाऱ्या प्रमुखाला) आधी तीन गोष्टी विचारा: परवाना आहे का, माणसागणिक लाइफ जॅकेट आहे का, आणि परतीची वेळ तो ठरवणार की तुम्ही? तिसऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ‘मी ठरवणार’ असं आहे, आणि ते त्याने द्यायला हवं. जॅकेट बाकावर ठेवायची वस्तू नव्हे, अंगात घालायची. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. त्यानंतर तरी याबद्दल कोणाला समजवायची वेळ येऊ नये.

भाडं आधी ठरवा आणि त्यात बेटावर थांबण्याचा वेळ धरला आहे का ते विचारा. ‘नेऊन आणतो’ आणि ‘तीन तास थांबतो’ यांचे दर वेगळे.

८. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मार्चही चालतो. एप्रिल-मे मध्ये ऊन तापलं की दुपारी खारा वारा जोर धरतो आणि परतीला होडी चांगलीच आपटते. जून ते ऑगस्ट विषयच काढू नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला कोळी नारळ वाहून समुद्र शांत होण्याची विनवणी करतात. ज्यांची सगळी हयात पाण्यावर गेली ते थांबतात, मग आपण कोण?

कुठल्याही महिन्यात सकाळी निघा. पहाटे मतलई वारा जमिनीवरून वाहतो आणि पाणी निवांत असतं. दुपारी बारानंतर चित्र बदलतं.

९. भरती-ओहोटीचं काय? मोबाइलवर बघून घेऊ, चालेल ना?

मोबाइलवर बघाच, पण कोकणातला जुना हिशेब शिकून ठेवा. तो दोन महिने आधीची तारीख ठरवायला उपयोगी पडतो आणि त्याला रेंज लागत नाही.

तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. द्वादशीला बारा पाऊणे नऊ, नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा: सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. हिशेबात पाऊण तास इकडेतिकडे होतो. शुद्ध पक्ष असो की वद्य, रीत तीच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

आता याचा खांदेरीशी संबंध. थळच्या किनाऱ्याला ओहोटीत होड्या चिखलावर टेकलेल्या दिसतील, त्या निघूच शकत नाहीत. चढत्या पाण्याला निघावं, भरतीच्या आसपास बेटावर उतरावं आणि पाणी फार खाली जाण्याआधी परत लागावं. म्हणजे सकाळी नऊ-पावणेदहाला भरती असलेला दिवस उत्तम, अर्थात द्वादशी-त्रयोदशी. साडेसातला निघालात तर साडेअकरा-बाराला घरी. उलट षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे पावणेअकराला ओहोटी. त्या दिवशी सकाळची सहल ठरवली तर धक्क्यावर बसून वडापाव खाल, बाकी काही नाही.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. मुंबईच्या आसपास उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, प्रवाहही जोरदार. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढतं, कमी उतरतं. वयस्कर माणसं असतील तर उधाणाच्या नेमक्या दिवशी नको. धक्क्यावर पाय ठेवताना होडी हातभर वर-खाली होते.

१०. मनोऱ्यावर चढता येतं का?

परवानगीत तसं लिहिलेलं असेल, कर्मचारी हजर असतील आणि काही दुरुस्ती चालू नसेल तर. हे तिन्ही एकदम जमेलच असं धरून जाऊ नका. आम्ही एकदा खालूनच परतलो, कारण वर काम चाललं होतं. चिडण्यात अर्थ नव्हता.

चढायला मिळालं तर: पाठीवरच्या पिशव्या खाली ठेवा, चपला नको, बूट घाला. दीपगृहांत गोल जिना असतो आणि दिव्याच्या खोलीकडे जाणारा शेवटचा टप्पा बहुधा अरुंद शिडीचा. भिंगाला बोट लावायचं नाही. हा नियम सांगण्यासाठी कोणी पाटी लावायला नको. काचेवरचा एक ठसाही प्रकाश विस्कटतो. गच्चीवर गेलात की कठड्याला टेकून सेल्फी नको, वर वारा खालच्यापेक्षा वेगळ्याच जातीचा असतो.

११. आतला दिवा चालतो कसा? एवढा लांब कसा काय दिसतो?

दिव्यापेक्षा करामत भिंगाची. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या दशकात शोधलेलं भिंग म्हणजे काचेच्या कड्यांची एकावर एक रचना. साधं जाड भिंग केलं असतं तर ते अवजड झालं असतं. फ्रेनेलने मधली निरुपयोगी काच काढून फक्त वळणाचे भाग ठेवले. चहूकडे उधळणारा प्रकाश गोळा होऊन क्षितिजाच्या रेषेत सरळ निघतो. सुरुवातीला दीपगृहांत तेलाच्या वाती असत, मग दाबाखाली रॉकेलची वाफ जाळणारे जाळीचे दिवे आले (आपल्या पेट्रोमॅक्सचे थोरले भाऊ), मग वीज.

प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते. किती झोत, किती सेकंदांनी, हे नाविकांच्या पुस्तकात नोंदलेलं असतं. त्यावरूनच काळोखात तांडेलाला कळतं की ही खांदेरी आहे की आणखी कोणी.

किती लांबून दिसेल हे पृथ्वीच्या गोलाईवर ठरतं. सोपा हिशेब: उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गमूळाला ३.८६ ने गुणा, किलोमीटर मिळतात. दिवा समुद्रापासून ५० मीटरवर धरला तर सुमारे २७ किलोमीटर. बघणारा ४ मीटर उंच डेकवर असेल तर त्याचे आणखी ८. म्हणजे ३५ किलोमीटरवरून तो दिवा क्षितिजावर डोकं वर काढतो, हवा स्वच्छ असेल तर. टेकडीवर का बांधला, याचं दुसरं उत्तर हे.

१२. रात्री दिवा चालू असताना बेटावर जाता येईल का?

नाही. मुक्कामाची सोय नाही आणि अंधारात त्या खडकांत होडी लावायला कुठलाच शहाणा तांडेल तयार होणार नाही. पण त्याची गरजही नाही. रात्रीची खांदेरी किनाऱ्यावरूनच बघायची असते. थळ, वरसोली, किहीम, कुठेही वाळूत बसा, घड्याळ लावा आणि झोत मोजा. याला परवानगी लागत नाही, होडी लागत नाही. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो. आमच्याकडे तर त्यावरून पैजा लागतात.

१३. बेटावर दीपगृहाशिवाय बघण्यासारखं काय आहे?

खरं तर हा प्रश्न उलटा विचारायला हवा. बेटावरची सगळ्यात नवी मोठी गोष्ट म्हणजे दीपगृह. बाकी किल्ला त्याच्याहून दोनशे वर्षांनी जुना.

दोन टेकड्यांच्या मधे बंदराची जागा आहे, तिथे उतरलं की तट लागतो. तटावरून फेरी मारा, बुरूज बघा. तोफा चुकवू नका. इथे चाकांच्या गाड्यावर बसलेली तोफ बघायला मिळते. बहुतेक किल्ल्यांवर तोफ जमिनीवर लोळलेली दिसते, त्यामुळे ती कशी वळवत असतील हे इथे पहिल्यांदा डोळ्यांना कळतं. त्यावर चढून फोटो काढू नका, तो गाडा तुमच्या वजनासाठी केलेला नाही.

वेताळाचं स्थान आणि वाजणारा दगड यांबद्दल पुढचे दोन प्रश्न.

१४. तो दगड खरंच वाजतो का?

वाजतो. लहान खड्याने हलकेच ठोकलं तर दगडाचा ठक् आवाज न येता धातूच्या भांड्यासारखा नाद येतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास दुसऱ्यांदा ठोकतो. दोनदा पुरे. हातोडीने परीक्षा घेणारे महाभाग पाहिले आहेत, म्हणून सांगतो: खडा मुठीत मावेल एवढा, आणि हात हलका.

१५. वेताळाला कोण मानतं? आम्ही तिथे नारळ फोडला तर चालेल का?

वेताळ हा कोळ्यांचा राखणदार. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून होळीच्या सुमाराला होड्या सजवून लोक दर्शनाला जातात. नवस, नारळ, सगळं रीतसर. तुम्ही श्रद्धेने नारळ फोडलात तर कोणी अडवणार नाही, पण आधी सोबतच्या तांडेलाला विचारा, तो सांगेल तसं करा. करवंट्या आणि अगरबत्तीची पाकिटं परत आणा. बूट काढून जा. आणि तिथे विनोद नको. भुताखेताच्या गोष्टी सांगत हसणारा गट तांडेलाच्या मनातून कायमचा उतरतो.

होळीच्या दिवसांत पर्यटक म्हणून जाऊ नये असं माझं मत आहे. सण त्यांचा आहे आणि होड्याही त्यांनाच लागतात. कोणी घरचं म्हणून बोलावलं तर गोष्ट वेगळी.

१६. खांदेरीच्या लढाईबद्दल थोडक्यात सांगाल का? मुलांना तिथे उभं राहून सांगायचं आहे.

जरूर सांगा, आणि दीपगृहाच्या टेकडीवर उभं राहून सांगा, कारण सगळं रणांगण तिथून दिसतं.

शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये इथे बांधकामाला हात घातला होता, पण इंग्रज आणि सिद्दी आडवे आले. १६७९ च्या पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरले आणि तट उभा राहू लागला. हे मुंबईच्या तोंडावरचं बेट. इथे मराठी तोफा बसल्या तर बंदरातली प्रत्येक हालचाल महाराजांना दिसणार, हे इंग्रजांना लगेच उमगलं. त्यांनी वेढा घातला. पण गंमत पाहा: त्यांची मोठी जहाजं वाऱ्यावाचून अडून पडत आणि मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांच्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद घेऊन निसटत. नाकेबंदी होती, पण चाळणीसारखी.

१८ ऑक्टोबर १६७९ ला दौलतखानाच्या हाताखालचं मराठी आरमार पन्नासाहून अधिक गलबतांनिशी किनाऱ्याकडून इंग्रजांवर तुटून पडलं. ‘डोव्हर’ नावाचं इंग्रजी गुराब मराठ्यांच्या हाती लागलं. ‘रिव्हेंज’ हे जहाज मात्र तोफा चालवत टिकून राहिलं आणि मराठी गलबतं माघारी वळली. म्हणजे त्या दिवसाचा निकाल तुम्ही कोणाची बखर वाचता त्यावर आहे. बेट मात्र मराठ्यांकडेच राहिलं. सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं आणि मग दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली. टेकडीवरून उंदेरी किती जवळ आहे ते मुलांना दाखवा, बाकी समजावून सांगावं लागणार नाही.

याच नावाची पाणबुडी नौदलात आहे. पहिली ‘खांदेरी’ १९६८ मध्ये दाखल झाली होती, आताची सप्टेंबर २०१९ मध्ये.

१७. खांदेरी जागतिक वारसा झाली. आता परवानगीची गरज उरली नाही ना?

११ जुलै २०२५ ला ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतली जिंजी. खांदेरी त्यात आहे. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे संरक्षित आहे.

पण यादीत आल्याने बेटाचा ताबा बदलत नाही आणि दीपगृह बंद पडत नाही. उलट जबाबदारी वाढते. प्रश्न ४ चं उत्तर तसंच लागू.

१८. सोबत पाच वर्षांचा मुलगा आणि सत्तरीची आई आहे. नेऊ का?

मुलाला न्या, त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळालं तरच. मोठ्यांचं सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. आईंचे गुडघे धड असतील तर किल्ला आणि टेकडी सावकाश होते. खरी कसोटी होडीतून धक्क्यावर उतरताना आहे, म्हणून भांगाच्या आसपासचा दिवस निवडा (प्रश्न ९). बोट लागत असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळी, आणि खिशात आलेपाक. रिकाम्या पोटी जाऊ नका, मिसळ खाऊनही नको.

१९. खाण्यापिण्याची सोय?

बेटावर टपरीसुद्धा नाही. माणशी दोन लिटर पाणी, घावन किंवा पोळी-भाजी, टोपी. कचरा परत आणायचा. एवढंच.

२०. ड्रोन उडवू का? लग्नाआधीचं फोटोशूट करायचं आहे.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत, सरकारच्या ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर तो भाग कोणत्या रंगात येतो ते पाहा आणि वेगळी लेखी परवानगी घ्या. बंदर, नौदल आणि समोर किनाऱ्यावर मोठा कारखाना, अशा जागी ‘पाच मिनिटंच उडवतो’ हे चालत नाही. फोटोशूटचं म्हणाल तर अर्जात स्पष्ट लिहा. ‘इतिहास अभ्यास’ लिहून घागरा-चोली आणि धुराच्या नळकांड्या घेऊन उतरलेली मंडळी पुढच्या खऱ्या अभ्यासकाची वाट बंद करतात.

२१. एकाच फेरीत उंदेरीही होईल का?

कागदावर होते, पाण्यावर क्वचित. उंदेरीला नीट धक्का नाही, सभोवार खडक, आणि उतरायला भरतीच लागते. म्हणजे दोन्ही बेटांना तीच दोन तासांची वेळ हवी. होडीतून उंदेरीला वळसा घाला, काळा तट जवळून बघा आणि उतरायचं असेल तर दुसरा दिवस ठेवा.

२२. आमचा भाऊ अमेरिकन नागरिक आहे, सुट्टीत येतोय. त्याला नेता येईल?

त्याचं नाव, पारपत्राची आणि ओसीआय कार्ड किंवा व्हिसाची प्रत अर्जात सुरुवातीलाच द्या आणि राष्ट्रीयत्व स्पष्ट लिहा. त्याच्या सुट्टीच्या तारखा घट्ट असतात, म्हणून एरवीपेक्षा बराच आधी अर्ज करा. ‘मराठीच बोलतो, कोणाला कळणार’ असा विचार नको. तपासणी झाली तर अडचण त्याचीच नव्हे, तांडेलाचीही होते.

२३. परवानगी मिळालीच नाही तर?

थळ किंवा वरसोलीचा किनारा आणि रात्रीची बत्ती (प्रश्न १२) कोणी हिरावून घेत नाही. दीपगृहात पाऊल टाकायचंच असेल तर रेवदंड्यापलीकडे कोर्लईचं दीपगृह बघा. किल्ल्याच्या पायथ्याच्या वाटेवर आहे, आणि तिथे पाण्यातून जावं लागत नाही. गोव्याला जाणारे असाल तर आग्वादच्या किल्ल्यातला १८६४ चा पोर्तुगीज मनोरा आहे. तो आता दिवा म्हणून चालत नाही, म्हणून निवांत बघता येतो. २१ सप्टेंबर हा राष्ट्रीय दीपगृह दिवस. त्या सुमाराला इतरत्र कार्यक्रम असतात, पण खांदेरीच्या समुद्राला सप्टेंबर मानवत नाही.

२४. परवानगी हातात आहे, तिथी बरोबर आहे, आभाळ निरभ्र आहे, तरी तांडेल ‘आज नको’ म्हणतो. काय करायचं?

चहा प्यायचा. तो लांब कुठेतरी लाटेच्या माथ्यावर फुटणारा पांढरा फेस बघत असतो, जो तुम्हाला-मला दिसत नाही. जास्त पैशांचं आमिष दाखवू नका. घर चालवायचं असतं, मोहात पडू शकतो. आगाऊ रक्कम दिली असेल तर ती पुढच्या तारखेला धरायची, असं आधीच बोलून ठेवा. आणि अर्जात पर्यायी तारीख लिहिली होती ना? प्रश्न ५.